तिसरा वाचक

समोर एक कोरा कागद घ्या. संगणकावर लिहायची सवय असेल तर कोरं पान उघडा, पण बोटं अजून कीबोर्डवर ठेवू नका. आज एकच पत्र लिहायचं आहे, आणि त्याला लागेल तेवढा वेळ द्यायचा आहे.

पत्र कसलं, ते ठरवू. समजा, कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत तुमचं लहानसं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग करून तुम्ही माल एका मोठ्या कंपनीला पुरवता. माल गेला, चलानावर त्यांचा सही-शिक्का झाला, बिल गेलं. पैसे मात्र आले नाहीत. फोन केला की कधी साहेब मीटिंगमध्ये असतात, कधी फाइल अकाउंट्सकडे गेलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निरोपाला दोन निळ्या खुणा उमटल्या, पुढे काही नाही. आता लिहिणं भाग आहे.

दरपत्रक पाठवायचं असतं किंवा आभार मानायचे असते, तर रीतभात आपोआप सांभाळली गेली असती. म्हणून मुद्दाम हे अवघड पत्र घेतलं.

लिहिण्याआधी मनात काय काय आहे ते बघा. राग आहे. आपलेच पैसे मागायची थोडी लाज आहे. फार ताणलं तर पुढची ऑर्डर तुटेल, ही धास्ती आहे. हे सगळं असू द्या. त्याला हाकलायला जाऊ नका, आणि कागदही त्याच्या हाती देऊ नका.

आता ज्यांना लिहायचं आहे त्यांना डोळ्यांसमोर आणा. खरेदी विभागाचे प्रमुख. त्यांचा चेहरा, फोनवरचा आवाज, दिवाळीला तुम्ही नेऊन दिलेला मिठाईचा पुडा. हे पत्र ते वाचतील. त्यांच्याआधी ते तुम्ही स्वतः वाचाल. हे झाले दोन वाचक.

तिसराही एक आहे, आणि त्याला तुम्ही ओळखत नाही. कदाचित ती टपाल फोडून आवक वहीत नोंद करणारी मुलगी असेल. कदाचित या साहेबांची बदली झाल्यावर त्यांच्या खुर्चीत बसणारा नवा माणूस, किंवा वर्षअखेरीला फाइल उलगडणारा ऑडिटर. गोष्ट फारच चिघळली तर एखादे न्यायाधीश. यांतल्या कोणीही तुमचा आवाज ऐकलेला नाही. तुम्ही किती फोन केले, कोणी काय शब्द दिला, रात्रपाळी लावून माल कसा पुरा केला, त्यांना काही ठाऊक नाही. त्यांच्या हातात फक्त हा कागद आहे, आणि खुलासा करायला तुम्ही तिथे नसता.

व्यवसायपत्राच्या रीती न्याहाळल्या तर त्यांतल्या बहुतेक या तिसऱ्या वाचकाची सोय बघतात. एकेक रीत हातात घेऊ आणि ती त्याच्या कशी उपयोगी पडते ते बघू.

लेटरहेडच्या खाली तारीख लिहा. दिवस, महिना, वर्ष, पुरतं लिहा. परदेशातल्या ग्राहकाला लिहीत असाल तर महिना अक्षरात घाला, म्हणजे ०५/०४ हा पाच एप्रिल की चार मे, असा घोळ होणार नाही. समोर जावक क्रमांक टाका. एवढ्याशा शॉपला कसला जावक क्रमांक, असं मनात येईल. शंभर पानी वही पुरते: क्रमांक, तारीख, कोणाला, कशाबद्दल. सरकारी कचेरीत ही नोंद ठेवणाऱ्या शाखेला बारनिशी म्हणतात, आणि ज्या कागदावर बारनिशीचा शिक्का नाही तो आपण दिला होता हे पटवताना माणसाचा घसा कोरडा पडतो. 'मागेच कळवलं होतं' असं आपण सहज म्हणतो. आता स्वतःला विचारा: मागेच म्हणजे कधी? तुम्हाला ते आठवत असेल. तिसऱ्या वाचकाला वहीतली ओळ लागते.

'प्रति' लिहा आणि थांबा. खाली नाव लिहाल की पद?

नुसत्या नावाने गेलेलं पाकीट खासगी समजून टेबलावर तसंच पडून राहू शकतं, आणि साहेब रजेवर किंवा बदलीवर गेले की तिथेच अडकतं. नुसत्या पदाने गेलेलं पत्र पोचतं, पण ते आपल्यालाच लिहिलंय असं कोणाला वाटत नाही. म्हणून नाव लिहा, त्याखाली पद, मग विभाग आणि कंपनी. माणूस बदलला तरी पद जागेवर असतं, आणि पत्र त्या पदाच्या फाइलीत जातं. पदाला कारभारात केवढं महत्त्व आहे, याची एक खूण आपल्याच राज्याच्या इतिहासात आहे. महाराष्ट्र झाला त्याच वर्षी, १९६० साली, भाषा संचालनालय स्थापन झालं, आणि मराठीतून कारभार चालावा म्हणून त्याने सुरुवातीलाच हाती घेतलेल्या कामांत पदनाम कोश होता. पत्र काय लिहायचं याच्या आधी कोणाला लिहायचं, हे पक्कं करावं लागलं.

नावाशी जरा रेंगाळा. कुलकर्णी आणि कुळकर्णी ही दोन घराणी आपापल्या अक्षराला जपतात. शंका असेल तर कंपनीच्या ऑपरेटरला फोन करून विचारा. विचारण्यात कमीपणा नाही, चुकीचं नाव छापण्यात आहे. बाईंना लिहीत असाल तर 'श्रीमती' लिहा. 'सौ.' आणि 'कु.' यांतून त्यांचं लग्न झालंय की नाही ते कळतं, आणि थकलेल्या बिलाचा त्याच्याशी काही संबंध नाही. पुरुषाच्या नावामागचं 'श्री.' अशी कुठलीच माहिती देत नाही. तोच मान दोघांना सारखा द्या.

आता 'विषय'. ही ओळ सर्वांत शेवटी लिहिली तरी चालेल, पण ती एकाच गोष्टीची असू द्या. मनात तीन गोष्टी असतील: थकलेलं पेमेंट, परत पाठवलेल्या चार नगांचा वाद, आणि पुढच्या वर्षाचा दर. तिन्ही एका पत्रात घातल्या तर ते कोणत्या फाइलीत लावायचं? पेमेंट अकाउंट्सकडे जाणार, नगांचा वाद गुणवत्ता विभागाकडे, दर खरेदीकडे. कागद एक आणि टेबलं तीन. मग तो पहिल्या टेबलावरच राहतो, आणि राहिला तर दोष टेबलाचा नसतो. महाराष्ट्राच्या नियमांनी माहितीच्या अधिकाराच्या अर्जालाही हीच मर्यादा घातली आहे: एका अर्जात एक विषय, आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. अर्जदाराला ते जाचक वाटू शकतं. तरी एकदा स्वतःचंच म्हणणं १५० शब्दांत बसवून बघा. काय गाळलं जातं ते पाहण्यासारखं असतं.

विषयाखाली 'संदर्भ'. त्यांचा खरेदी आदेश, त्याची तारीख. चलान क्रमांक, त्याची तारीख. बिल क्रमांक, त्याची तारीख. हे लिहिताना हात कंटाळतो. वाटतं, त्यांना सगळं माहीत आहे. त्यांना आहे, तिसऱ्याला नाही. त्याने तुमचं बिल शोधण्यात अर्धा तास घालवावा की अर्धं मिनिट, हे तुम्ही या दोन ओळींत ठरवता.

पुढे मायना. इथे क्षणभर मागे वळून पाहू. आपल्याकडच्या जुन्या पत्रांत मायना हा एक स्वतंत्र शास्त्राचा भाग होता. कोणाला 'श्रीमंत', कोणाला 'राजमान्य राजश्री', कोणाला 'तीर्थरूप', कोणाला 'चिरंजीव'. कोणाला साष्टांग नमस्कार, कोणाला दंडवत, कोणाला अनेक आशीर्वाद. पहिल्या दोन ओळी वाचल्या की लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातलं अंतर कळत असे. मायना चुकणं म्हणजे नातं चुकणं. पुढे 'राजमान्य राजश्री'चं 'रा. रा.' झालं आणि तेही हळूहळू पत्रांवरून उतरलं. आज व्यवसायपत्रात 'महोदय' किंवा 'महोदया' एवढंच उरलंय. ते कोरडं वाटतं खरं. पण त्याने कोणी उंच होत नाही, कोणी वाकत नाही. देणेकरी आणि घेणेकरी एका पातळीवर उभे राहतात. राग आलेला असताना आणि पैसे अडकलेले असताना हा एक शब्द उच्चारा आणि बघा, पुढचं वाक्य कुठल्या सुरात येतं.

बाई असतील हे माहीत असूनही 'महोदय' छापून पाठवू नका. वाचक कोण ते माहीत नसेल तेव्हा 'महोदय/महोदया' चालतं. माहीत असेल तेव्हा तिरकी रेघ म्हणजे निव्वळ आळस.

आता मजकूर. पहिलं वाक्य मनात आपोआप तयार होतंय, ते लिहा. लिहा, इथे कोणी बघत नाही. बहुधा ते असं असेल: 'तुम्ही लोक नेहमीच लहान पुरवठादारांचे पैसे अडवता.' वाचा. आता तेच तिसऱ्या वाचकाच्या डोळ्यांनी वाचा. 'तुम्ही लोक' म्हणजे कोण? 'नेहमीच' कसं तपासायचं? 'अडवता' असं म्हणायला पुरावा काय? वाक्य खरंही असेल, पण ज्याने तुमची बाजू घ्यायची त्याला त्यात धरायला काही सापडत नाही. उलट तुमच्या स्वभावाबद्दल मात्र त्याचं मत बनतं.

त्यावर काट मारा. नवं वाक्य लिहा: 'आपल्या उपरोक्त खरेदी आदेशानुसार पुरवलेल्या मालाची १,८४,००० रुपये ही रक्कम आजपर्यंत आम्हाला मिळालेली नाही.' किती रक्कम, कशाची, आजची स्थिती काय. इथे कोणी चोर नाही की गरीब नाही. तरीही हे वाक्य पहिल्यापेक्षा जड आहे. त्याच्याशी वाद घालायचा तर आकड्याशी घालावा लागतो.

दुसऱ्या परिच्छेदात घटना क्रमाने येऊ द्या. माल कधी पोचला, तो स्वीकारल्याची सही कधी झाली, बिल कधी दिलं. फोनवर शब्द मिळाला असेल तर कोणी दिला आणि कोणत्या तारखेला, एवढं लिहा. शब्द पाळला नाही म्हणून मनाला काय वाटलं ते लिहू नका. तारखांच्या मधलं अंतर वाचणाऱ्याला दिसतं. कायद्याचा उल्लेख करायचा तर इथेच, एका वाक्यात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या अधिनियमाप्रमाणे, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पलीकडे मुदत ठरवता येत नाही. मुदत टळली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावं लागतं. तुमची उद्यम नोंदणी असेल तर तिचा क्रमांक शेजारी घाला. 'कोर्टात खेचू' हे शब्द जिभेवर आले तर गिळा. कायदा काय आहे ते सांगितलं की पुढचं वाचणाऱ्याला समजतं.

मग मागणी. 'लवकरात लवकर' लिहिणार असाल तर पुन्हा थांबा. लवकरात लवकर ही तारीख कुठल्या कॅलेंडरवर असते? 'येत्या १५ दिवसांत, म्हणजे अमुक तारखेपर्यंत' असं लिहा. मुदत दिली म्हणजे आपण मवाळ झालो असं वाटतं. पण मुदत दिल्याशिवाय ती टळली असं म्हणता येत नाही.

इथे सरकारी कागदाची एक सवय आपल्या बोटांत शिरलेली असते: 'कार्यवाही करण्यात यावी', 'विचार करण्यात येईल'. कोणी करावी? कोण करेल? कर्ता लपला की जबाबदारीही लपते, आणि तिसरा वाचक ती शोधत फाइल चाळत राहतो. 'आपल्या लेखा विभागाने ही रक्कम आमच्या खात्यात जमा करावी' असं सरळ लिहा. नम्रता 'कृपया'त आहेच. ती धूसरपणात शोधायला नको.

मजकूर संपला. 'कळावे' लिहा. 'लोभ असावा' घरच्या पत्रासाठी ठेवा. खाली 'आपला विश्वासू' किंवा 'आपली विश्वासू', सहीपुरती जागा, मग सुवाच्य नाव, पद, शिक्का. सही कितीही वळणदार असली तरी तिच्यावरून नाव वाचता येत नाही.

सहीची जागा मजकुराला लागून असावी. शिवकालीन पत्रं पाहिली तर वरच्या बाजूला राजमुद्रा दिसते, आणि मजकूर जिथे संपतो तिथे दुसरी, लहान मुद्रा: 'मर्यादेयं विराजते'. लिखाणाची मर्यादा इथे आहे. या ठशानंतर कोणी एक ओळही वाढवू शकत नाही. पत्र दूरच्या किल्ल्यावर, अनोळखी हातांत जाणार आणि ज्याच्या नावाचं आहे तो तिथे नसणार, हे त्या कारभारात गृहीत धरलेलं होतं. आपल्याकडे मुद्रा नाही, पण सही आणि मजकूर यांच्यात मोकळी जागा सोडायची नाही एवढं करता येतं. पानं दोन असतील तर दोन्हींवर क्रमांक आणि छोटी सही. आणि ताजा कलम नको. सहीखाली हाताने वाढवलेली ओळ पाहून तिसऱ्याला पहिला प्रश्न पडतो, ही कोणी आणि कधी लिहिली?

डावीकडे खाली 'सोबत'. चलानाची प्रत, बिलाची प्रत, खरेदी आदेशाची प्रत, क्रमांक घालून. मूळ कागद तुमच्याकडेच ठेवा.

त्याखाली आणखी एक ओळ येऊ शकते: 'प्रत माहितीसाठी'. इथे जरा जास्त वेळ बसा. ही ओळ म्हणजे तिसरा वाचक तुम्ही आपल्या हाताने निवडणं. लेखा विभागाला प्रत दिली तर त्यांना काम करायला कागद मिळतो. व्यवस्थापकीय संचालकांना दिली तर? तुम्ही साहेबांना न बोलता सांगताय की तुमच्या डोक्यावरून मी वर गेलो. कधीकधी तेही करावं लागतं. पण पहिल्याच पत्रात? मनाला विचारा: ही प्रत काम व्हावं म्हणून जातेय की कोणाला बोलणी बसावीत म्हणून? ई-मेलमध्ये हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण तिथे प्रत एका टिचकीत जाते आणि लपवूनही पाठवता येते. ज्याला प्रत गेली आहे हे समोरच्याला कळू द्यायची तुमची तयारी नाही, त्याला ती पाठवताना दोनदा विचार करा. लपवलेली प्रत पुढे पाठवली जाते, आणि मग तिचा वाचक कोण हे तुमच्या हाती राहत नाही.

आता सगळं पत्र एकदा मोठ्याने वाचा. कुठे आवाज चढतो? तिथे विशेषण असेल. कुठे आवाज पडतो? तिथे विनाकारण मागितलेली माफी असेल. दोन्ही काढा.

पाकिटावर पत्ता लिहा. पिन कोडचे सहा आकडे लिहिताना सावकाश लिहा. १५ ऑगस्ट १९७२ पासून ते आपल्या टपालावर आहेत, आणि ही पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी-नाटककार होते. देशात एकाच नावाची गावं किती, पत्ते किती लिप्यांत लिहिलेले. एकट्या आपल्या राज्यात वडगाव आणि पिंपळगाव मोजत बसलो तर दिवस जाईल. पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणारं टपाल कार्यालय. ४१६ पाहून वर्गवारी करणारा माणूस पाकीट कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्याकडे टाकतो. त्याला मराठी वाचता आली नाही तरी अडत नाही. पत्र उघडणाऱ्याच्या आधी भेटणारा हा आणखी एक अनोळखी वाचक. तुमचा स्वतःचा पत्ताही पिनसह लिहा, म्हणजे पाकीट पोचलं नाही तर निदान परत येईल.

नोंद होऊन जाणाऱ्या टपालाने पाठवा, पावती जपा. कायद्याने टपालाने बजावायच्या कागदाबद्दल १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम २७ सांगतं की, पत्ता बरोबर लिहून, खर्च भरून, नोंदणीकृत टपालाने पाठवलेला कागद, उलट सिद्ध होईपर्यंत, रीतसर पोचला असं धरलं जातं. सगळा भार कशावर आहे बघा: पत्ता बरोबर असण्यावर. मघाशी पाकिटावर ज्या ओळी सावकाश लिहिल्या, न्यायालय आधी त्याच वाचतं.

पत्र गेलं. आता ते तुमचं राहिलं नाही. आतला शब्द बदलता येणार नाही. ही जाणीव थोडी अस्वस्थ करते. तिच्याबरोबर दोन क्षण राहा.

पैसे येतील का? याचं वचन कुठलीही रीत देत नाही. मुदत टळली तर स्मरणपत्र लिहावं लागेल, पण ते चार ओळींचं असेल. संदर्भात आजच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख टाकायची, बाकीचं काम आजच्या पत्राने करून ठेवलं आहे. आणि एखाद्या दिवशी हा वाद खरंच कोणा परक्यासमोर गेला तर त्याला तुमच्यावर विश्वास ठेवावा लागणार नाही. त्याला फक्त वाचावं लागेल. सभ्यपणे लिहिणं म्हणजे पडतं घेणं, हा आपला समज आहे. प्रत्यक्षात तुमच्याशी काहीही देणंघेणं नसलेल्या माणसाला तुम्ही न्यायाने वागायची सोय करून देत असता.

शेवटचं एक काम. तुमच्याही टेबलावर कोणाचं तरी पत्र उत्तराविना पडलं असेल: टूल पुरवणाऱ्याचं, ट्रान्सपोर्टवाल्याचं, नोकरीसाठी अर्ज केलेल्या एखाद्या मुलाचं. ते घ्या. त्याच्या संदर्भाची ओळ आपल्या पत्रावर उतरवा. लगेच पैसे देता येत नसतील तर कधी देता येतील ते लिहा, नोकरी नसेल तर नाही असं लिहा. तारीख घाला, सही करा, आणि आजच्या टपालात टाका.